टायमरनं थ्रेड बदलला की मशीन कधी गोठतं, कधी सरळ रीबूट होतं

रिंग_शून्य

मंडळी, आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथं टाकते.

स्वतःचं छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितेय. ३२ बिट एक्स८६, एकच कोअर, क्यूएमू या एम्युलेटरवर चालवते. बूट, पेजिंग, हीप, कीबोर्ड, सिरियलवर छपाई हे सगळं कधीच उभं राहिलंय. आता थ्रेड (आळीपाळीनं चालणारी स्वतंत्र कामं) आणलेत. शेड्यूलर अगदी साधा राउंड रॉबिन आहे. तयार थ्रेडची एक रांग, पुढचा काढायचा, आधीचा चालू स्थितीत असेल तर मागं लावायचा. प्रायॉरिटी वगैरे काही नाही. पीआयटी (टायमरची चिप) १०० हर्ट्झवर लावलाय (भाजक ११९३२), म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी टिक (टायमरचा इंटरप्ट). प्रत्येक थ्रेडला ४ केबीचा स्टॅक, तो पेज ॲलोकेटरकडून. थ्रेडचा स्ट्रक्ट मात्र हीपवर. पेज ॲलोकेटर पान देताना ते शून्यांनी भरून देतो, सोडताना काही लिहीत नाही.

थ्रेड बदलणारी स्विच_टू असेंब्लीत आहे: ईबीपी, ईबीएक्स, ईएसआय, ईडीआय हे रजिस्टर स्टॅकवर पुश, ईएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारा रजिस्टर) जुन्याच्या स्ट्रक्टमध्ये, नव्याचा ईएसपी उचलायचा, चार पॉप, मग रेट (स्टॅकवरचा पत्ता उचलून तिथं परतणं). नव्या थ्रेडच्या स्टॅकवर मी आधीच चार शून्यं आणि त्यांच्या वर ट्रॅम्पोलीनचा पत्ता मांडून ठेवते. ट्रॅम्पोलीन एसटीआय करतं (म्हणजे इंटरप्ट चालू), थ्रेडचं फंक्शन बोलावतं, ते परतलं की थ्रेड_एक्झिट.

दोन थ्रेड एकेक ओळ छापून यील्ड करत (आपली पाळी सोडत) बसले तर तासन् तास काही होत नाही. त्यातल्या एकाला वर्कर तयार करायला लावला की रडगाणं सुरू. वर्कर एक टिक झोपतो, ठरावीक मोजणी करतो आणि संपतो, मग दुसरा वर्कर.

पहिला त्रास: वर्करमधली झोप काढून टाकली आणि त्याला नुसती मोजणी दिली, तर कधी कधी तो सुरू होताच सगळं गोठतं. टिकचा आकडा थांबतो, कीबोर्ड मेलेला. मोजणी संपली की अचानक जिवंत! दर वेळी नाही, कधी कधीच.

दुसरा त्रास: झोपणारा वर्कर असताना काही मिनिटं सुरळीत जातात आणि मग मशीन सरळ बायोसवर. पॅनिकची (कर्नल मोडल्याच्या संदेशाची) ओळ नाही, काही नाही. थ्रेड_एक्झिटमध्ये एक छपाई टाकली की हे होतच नाही. जीडीबी डीबगरनं पायरी पायरी चालवलं तरी नाही.

हा एकच दोष आहे की दोन? आणि पकडायचा कसा?

---

सेमाफोर_७

माझा पहिला संशय स्टॅक ओव्हरफ्लोवर. ४ केबी म्हणजे फार नाही. तुमच्या छपाईच्या फंक्शनमध्ये लोकल बफर केवढा आहे? त्यात टायमरचा इंटरप्ट त्याच स्टॅकवर येऊन बसतो, वर पॅनिकचा हँडलर. पिंटॉस या शिकण्यासाठीच्या कर्नलमध्ये थ्रेडचा स्ट्रक्ट आणि स्टॅक एकाच ४ केबी पानात असतात आणि स्ट्रक्टच्या शेवटी एक मॅजिक आकडा ठेवलेला असतो. स्टॅक खाली घसरला की आधी तो आकडा चिरडला जातो आणि थ्रेड_करंटमधला असर्ट (तपासणीची ओळ) बोंब मारतो. तसं काही करा. लिनक्सनंसुद्धा २०१४ साली ६४ बिट एक्स८६वर कर्नलचा स्टॅक ८ केबीवरून १६ केबीवर नेला, म्हणजे ही अडचण काही नवशिक्यांचीच नाही.

तोवर ८ केबी करून बघा, क्रॅश थांबला तर उत्तर मिळालं.

---

जुनं_हार्डवेअर

मॅजिक आकड्याला माझं अनुमोदन, ८ केबीला नाही. स्टॅकचा आकार बदलला की पानांचे पत्ते सरकतात, कोणतं पान कोणाला मिळतं ते बदलतं, आणि क्रॅश दडून बसतो. मग "बरा झाला" म्हणून माणूस पुढं जातो. आत्ता तो काही मिनिटांत येतोय ही चैन आहे, ती घालवू नका.

आधी पुरावा गोळा करू.

रीबूटसाठी: क्यूएमूला 'नो-रीबूट' आणि 'नो-शटडाउन' हे दोन्ही पर्याय द्या. ट्रिपल फॉल्ट झाला की मशीन रीसेट न होता जागच्या जागी थांबेल आणि मेमरी वाचता येईल. सोबत 'डी इंट' देऊन लॉग फाइलमध्ये घ्या. केव्हीएम (खऱ्या सीपीयूवर थेट चालवणारी रीत) चालू असेल तर बंद करा, हा लॉग टीसीजीवरच (क्यूएमूच्या सॉफ्टवेअरी अनुकरणावरच) मिळतो. फाइल प्रचंड होईल, कारण प्रत्येक टिकची नोंद त्यात असते. सुरुवातीच्या एसएमएमच्या ओळी बायोसच्या, त्या सोडा. तुमचं आयआरक्यू० (टायमरची इंटरप्ट लाइन) व्हेक्टर ३२वर असेल असं धरतो. तर व्हेक्टर ३२च्या खालची, म्हणजे सीपीयूच्या एक्सेप्शनची, पहिली नोंद शोधा. शेवटची नव्हे. लोक फाइलचं शेपूट उघडतात, तिथं डबल फॉल्ट दिसतो आणि आठवडाभर टीएसएस तपासत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. ट्रिपल फॉल्ट म्हणजे एवढंच, की आधीचा एक्सेप्शन हाताळायला हँडलरपर्यंत पोचताच आलं नाही, मग डबल फॉल्टच्या हँडलरपर्यंतही पोचता आलं नाही, म्हणून सीपीयूनं हात टेकले. मूळ कारण बरंच वर असतं.

त्या पहिल्या नोंदीतलं सगळं इथं टाका: व्हेक्टर, एरर कोड, ईआयपी (चालू सूचनेचा पत्ता), सीआर२ (ज्या पत्त्यावर पेज फॉल्ट झाला तो), सगळे रजिस्टर. काही गाळू नका, शून्यं असली तरी.

गोठण्यासाठी: गोठलेलं असतानाच क्यूएमूच्या मॉनिटरवर जा. 'इन्फो रजिस्टर्स' मध्ये ईफ्लॅग्जचा बिट ९ बघा. तो शून्य असेल तर इंटरप्ट बंद राहिलेत, कुठंतरी सीएलआय झालंय आणि एसटीआय राहिलंय. तो १ असेल तर 'इन्फो पिक' मारा आणि मास्टर इंटरप्ट कंट्रोलरचे आयएसआर (सेवा चालू असलेले इंटरप्ट), आयआरआर (वाट बघणारे) हे आकडे सांगा.

आणि छपाई काढून टाका. तिच्या जागी मेमरीत एक रिंग बफर ठेवा, २५६ नोंदींचा. शेड्यूल होताना टिकचा क्रमांक, कोणाकडून, कोणाकडे आणि ईएसपी, एवढंच लिहायचं. मोजक्या सूचनांचं काम, वेळेचं गणित फारसं बिघडत नाही. मंगळावरच्या पाथफाइंडरचं १९९७ साली असंच झालं होतं. यान अधूनमधून स्वतःच रीसेट व्हायचं. व्हीएक्सवर्क्समधला ट्रेस चालू ठेवून पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रकार घडवून आणला तेव्हा प्रायॉरिटी इन्व्हर्जन दिसलं, आणि म्यूटेक्सवर प्रायॉरिटी इन्हेरिटन्स चालू करून ते मिटलं. तुमच्याकडे प्रायॉरिटीच नाहीत, तेव्हा तो रोग तुम्हाला नाही. ट्रेस मात्र घ्या.

---

रिंग_शून्य

घ्या, मिळालं.

गोठलेलं असताना: ईफ्लॅग्ज ००००२०२, म्हणजे बिट ९ चालू आहे. 'इन्फो पिक' मध्ये मास्टरचा आयएसआर ०१ आणि आयआरआर ०३ (मी मुद्दाम एक कळ दाबली होती).

रीबूटच्या लॉगमधली पहिली नोंद:

व्हेक्टर ०ई (पेज फॉल्ट), एरर कोड ००००
ईआयपी ००००००००, सीआर२ ००००००००
ईबीएक्स, ईएसआय, ईडीआय, ईबीपी: चारही ००००००००
ईएसपी ००२१४एफ३०

यानंतर व्हेक्टर ०ईच्याच हजारो ओळी आहेत. त्यांत ईआयपी माझ्या पॅनिकच्या बॅकट्रेस फंक्शनमध्ये आणि सीआर२ ००००००४. सगळ्यात शेवटी ०८ (डबल फॉल्ट) आणि ट्रिपल फॉल्ट.

रिंग बफरची शेवटची नोंद: ज्याच्याकडे गेलो तो थ्रेड म्हणजे वर्करच. तो आधी बराच चाललेला आहे, नवा नाही.

स्टॅकचं पान ००२१४००० पासून ००२१४एफएफएफ पर्यंत. मॅजिक आकडा तळाशी ठेवला होता, आता तिथं ०. म्हणजे ओव्हरफ्लोच ना?

---

जुनं_हार्डवेअर

नाही. आणि का नाही ते तुमच्याच आकड्यांत आहे. पण आधी सोपं उरकू.

गोठणं. आयएसआर ०१ म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर ८२५९च्या मते आयआरक्यू०ची सेवा अजून चालू आहे. त्याला ईओआय (सेवा संपल्याचा निरोप) मिळालेला नाही. आयआरक्यू० सगळ्यात वरच्या प्राधान्याचा, त्यामुळे तो अडकला की त्याच्या खालचे सगळेच अडकतात. आयआरआर ०३ मधला दुसरा बिट म्हणजे तुमची कळ, दाराशी ताटकळत उभी. म्हणून कीबोर्डही मेलेला.

पैज लावतो की टायमरच्या हँडलरमध्ये तुम्ही आधी शेड्यूल बोलावता आणि ईओआय त्याच्यानंतर पाठवता. जुन्या थ्रेडकडे गेलात तर चालतं, कारण तो स्वतः कधीतरी त्याच हँडलरमध्ये थांबलेला असतो आणि परतताना ईओआय पाठवतो. नवा थ्रेड मात्र ट्रॅम्पोलीनमधून थेट आपल्या फंक्शनमध्ये जातो, हँडलरची शेपटी त्याच्या वाट्याला येतच नाही. वर्कर यील्डमधून सुरू झाला तर बिघडत नाही, टायमरमधून सुरू झाला तर गोठतं. म्हणून "कधी कधी". मोजणी संपून आधीच्या थ्रेडकडे परत गेलं की तो ईओआय पाठवतो, म्हणून "अचानक जिवंत". तुमचे दोन छापणारे थ्रेड दर ओळीला यील्ड करत होते, तिथं हे झाकलं गेलं.

ईओआय शेड्यूलच्या आधी पाठवा. इंटरप्ट गेट वापरत असाल तर तिथं बिट ९ बंदच असतो, मध्येच दुसरी टिक घुसणार नाही.

रीबूट. ईआयपी शून्य आणि सीआर२ही शून्य, म्हणजे शून्य पत्त्यावरची सूचना आणायला सीपीयू गेला आणि तिथं पान नाही. तिथं गेला कसा? एकतर शून्य पॉइंटरला कॉल, नाहीतर रेटनं स्टॅकवरून शून्य उचललं. कॉल असता तर ईबीपी शाबूत असता. इथं ईबीएक्स, ईएसआय, ईडीआय, ईबीपी चारही शून्य आहेत, आणि तुमची स्विच_टू नेमके हेच चार पॉप करून रेट करते. म्हणजे सलग पाच शून्यं उचलली गेली.

चार शून्यं नव्या थ्रेडच्याही स्टॅकवर असतात, तेव्हा ट्रॅम्पोलीनचा पत्ता लिहायचा राहिला असेल असा माझाही पहिला विचार होता. पण नव्या थ्रेडचा रेट झाल्यावर ईएसपी पानाच्या अगदी वरच्या टोकाला असता. तुमचा एफ३०वर आहे, म्हणजे वरून २०८ बाइट खाली. थोडे कॉल, एक इंटरप्टची फ्रेम, त्यावर शेड्यूल आणि स्विच_टू, एवढ्याला हे माप बरोबर बसतं. हा मध्येच थांबवलेला जुना थ्रेड आहे, आणि तुमचा रिंग बफरही तेच सांगतोय.

ओव्हरफ्लो नाही तो याचमुळे. स्टॅक वरून खाली वाढतो. ४ केबीपैकी २०८ बाइट वापरलेत, तळ अजून कोसभर लांब आहे. मॅजिक आकडा स्टॅक वाढून चिरडला गेला नाही, तो अख्ख्या पानाबरोबर पुसला गेला. जीडीबीत ते पान वाचून बघा. पॅनिकच्या फ्रेमनी एफ३०च्या खालचा भाग घाण केला असेल, पण त्याच्या वरची जागा शून्य दिसेल असं मला वाटतं.

आता तुमच्या कर्नलमध्ये अख्खं पान शून्य करणारं एकच ठिकाण तुम्ही सांगितलंय: पेज ॲलोकेटर, पान देताना. म्हणजे थ्रेड जिवंत, रांगेत उभा, आणि त्याच्या स्टॅकचं पान ॲलोकेटरनं मोकळं समजून दुसऱ्याला दिलं.

हे सिद्ध करायला मिनिटं मोजत बसू नका. पेज_फ्रीमध्ये, पान सोडतानाच, ते डेडबीफनं (चटकन ओळखू येणाऱ्या हेक्स आकड्यानं) भरून टाका. मग बघा काय होतं ते. आणि थ्रेड_एक्झिट इथं डकवा.

(त्या हजारो ओळी: तुमचा बॅकट्रेस ईबीपीच्या साखळीवरून मागं जातो आणि ईबीपी शून्य झाला तरी थांबत नाही. शून्याच्या पुढं ४ बाइटांवरचा परतीचा पत्ता वाचायला जातो, म्हणून सीआर२ ४. त्यातून पुन्हा पॅनिक, पुन्हा बॅकट्रेस, असं करत स्टॅक खाली खाली जात शेवटी पान नसलेल्या जागी आदळतो. तिथं फ्रेम ठेवताच येत नाही, मग डबल आणि ट्रिपल. पॅनिकमध्ये शिरताना एक ध्वज उभारा, दुसऱ्यांदा शिरलात तर काहीही न करता हॉल्ट. नाहीतर पॅनिकची पहिली ओळसुद्धा तुम्हाला कधी दिसणार नाही.)

---

रिंग_शून्य

ईओआय वर हलवला, गोठणं बंद. पैज तुम्ही जिंकलात, अगदी तसंच लिहिलेलं होतं.

डेडबीफचं तर काय सांगू. आता मिनिटं लागतच नाहीत! पहिलाच वर्कर संपला की क्रॅश, दर वेळी, न चुकता. ईआयपी डेडबीफ, सीआर२ डेडबीफ. छपाई ठेवली तरी येतो, जीडीबीत पायरी पायरीनं गेले तरी येतो. पेज_फ्रीच्या शेवटच्या रेटवर.

थ्रेड_एक्झिट अशी आहे:

थ्रेड_एक्झिट():
    पेज_फ्री(करंट->स्टॅक)
    करंट->स्थिती = मृत
    शेड्यूल()

बघितल्यावर दिसतंय खरं. पण एक कळत नाही. हे इतकं उघड आहे तर आधी दर वेळी का नाही कोसळलं? आणि छपाई टाकल्यावर का थांबायचं?

---

जुनं_हार्डवेअर

ज्या फांदीवर बसलाय तीच तोडतोय तो. पण फांदी तोडल्यावर लगेच पडत नाही, कारण मोकळं केलेलं पान कोणी लिहीपर्यंत जसंच्या तसं असतं. पेज_फ्रीनं बिटमॅपमधला एक बिट बदलला, बस. त्याच स्टॅकवरून पेज_फ्री परतली, स्थिती मृत झाली, शेड्यूल दुसरीकडे गेलं, आणि त्या पानाकडे पुन्हा कोणी वळलं नाही. असे हजारो वर्कर सुखानं मरतात.

आता पेज_फ्रीनं बिट बदलल्यानंतर आणि स्थिती मृत होण्याआधी टिक आली असं धरा. टायमरच्या दृष्टीनं वर्कर अजून चालू थ्रेड आहे. त्याची फ्रेम त्याच पानावर ठेवली गेली, शेड्यूलनं त्याला इमानदारीत रांगेच्या मागं लावलं. पुढच्या थ्रेडनं पान मागितलं, ॲलोकेटरनं नेमकं हेच दिलं, शून्यांनी भरून. फिरत फिरत वर्करची पाळी आली: पॉप शून्य, पॉप शून्य, पॉप शून्य, पॉप शून्य, रेट शून्य. तुमची पहिली नोंद.

ही फट मोजक्या सूचनांची आहे, म्हणून मिनिटं लागायची. तुम्ही टिक १००० हर्ट्झवर नेली असती तर हाच क्रॅश बराच लवकर आला असता. शेड्यूलिंगचा संशय असेल तेव्हा टिक वाढवणं हा माझा आवडता उपाय आहे, कमी करणं नव्हे.

छपाईचं असं: वर्कर टिकला जागा होतो आणि ठरावीक मोजणी करतो. म्हणजे तो एक्झिटपाशी पोचतो ती वेळ टिकच्या हिशेबात जवळपास पक्की, आणि तुमच्या बाबतीत ती पुढच्या टिकच्या आसपास पडत असणार. एक ओळ छापायला त्या फटीच्या कितीतरी पट वेळ लागतो, तेवढ्यानं एक्झिट टिकपासून दूर सरकली. मोजणी थोडी वाढवली असती तरी क्रॅश असाच "बरा" झाला असता.

जीडीबीचं कारण वेगळं आहे. एकेक पायरी चालवताना क्यूएमूचा जीडीबी स्टब इंटरप्ट आणि टायमर दोन्ही बंद ठेवतो, मूळ सेटिंगच तशी आहे. टिकच नाही, तर फटीत कोण येणार? ती सेटिंग बदलता येते, पण वेळेशी बांधलेल्या दोषांसाठी मी त्यापेक्षा आयकाउंटसोबतचं (सूचनांच्या मोजणीवर वेळ चालवणारं) रेकॉर्ड-रिप्ले वापरेन. एकदा क्रॅश नोंदवला की तोच क्रॅश हवा तितक्या वेळा, त्याच सूचनेवर.

दुरुस्ती. मरणाऱ्या थ्रेडनं स्वतःचा स्टॅक सोडायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी सोडायचा. तुमच्यासाठी सगळ्यात सोपं:

थ्रेड_एक्झिट():
    सीएलआय
    करंट->स्थिती = मृत
    करंट मृतांच्या रांगेत
    शेड्यूल()
    पॅनिक("मेलेला परत आला")

आणि एक सफाई थ्रेड, जो मृतांच्या रांगेतून एकेक काढून स्टॅक आणि स्ट्रक्ट दोन्ही सोडतो. (स्ट्रक्ट सध्या कोणीच सोडत नाहीये, हीप गळतोय, ते लक्षात आलंय ना?) रांगेतून काढताना इंटरप्ट बंद ठेवा, पान सोडताना चालू. एकच कोअर आहे आणि इंटरप्ट बंद आहेत, त्यामुळे स्विच पूर्ण होईपर्यंत सफाई थ्रेड चालूच शकत नाही. शेवटची पॅनिकची ओळ गंमत म्हणून नाही, ती खरंच ठेवा.

यील्डही एकदा तपासा. तिथं पुशएफ (ईफ्लॅग्ज जपणं), सीएलआय, शेड्यूल, आणि परतल्यावर पॉपएफ (होते तसे परत ठेवणं) असं हवं. परतल्यावर आंधळेपणानं एसटीआय करत असाल तर लॉक धरून यील्ड करणारा पहिला थ्रेड तुम्हाला पुन्हा इथं आणेल.

---

बिट_नऊ

वरच्याला एक पुरवणी. सफाई थ्रेड नको असेल तर दुसरी रीत म्हणजे स्विच झाल्यावर नव्या थ्रेडनं आधीच्याला मोकळं करायचं. पिंटॉस तेच करतं. त्यात दोन खाचा आहेत.

पहिली: स्विच_टू परतल्यावर "आधीचा" हा लोकल व्हेरिएबल वापरू नका. तुम्ही आता दुसऱ्या स्टॅकवर आहात, तिथला "आधीचा" म्हणजे हा थ्रेड स्वतः झोपला तेव्हाचा, म्हणजे तो स्वतःच. आत्ता आपण कोणाकडून आलो ते स्विचनं परत द्यावं लागतं. पिंटॉस ते ईएएक्समधून परत देतं. लिनक्सच्या स्विच_टू मॅक्रोला दोनऐवजी तीन पॅरामीटर का, हे कोडं ज्यांना पडतं त्यांचं उत्तर हेच.

दुसरी: नवा थ्रेड शेड्यूलमधून परतत नाही, तेव्हा ही साफसफाई ट्रॅम्पोलीनमधूनही बोलवावी लागते. ईओआयची जी गत झाली, तीच इथं होते.

एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या कर्नलच्या जुन्या एक्स८६ आवृत्तीत हे सगळं टळतं, कारण तिथं मेलेली प्रोसेस झोंबी होऊन पडते आणि पालक वेट करतो तेव्हा तिचा कर्नल स्टॅक सोडला जातो.

आणि पुढंमागं दुसरा कोअर आणलात तर वरची सोपी रीतही अपुरी पडेल. सीएलआय फक्त आपल्या कोअरपुरतं असतं. तिकडचा सफाई थ्रेड, इकडचा स्विच अर्ध्यावर असतानाच स्टॅक पळवेल.

---

सेमाफोर_७

ओव्हरफ्लो नव्हता, मान्य. तरी स्टॅकच्या खाली एक न जोडलेलं पान ठेवाच. तो खरंच झाला तर शेजारच्याचा स्टॅक चिरडण्याऐवजी तिथंच फॉल्ट येईल. फक्त डबल फॉल्टला टास्क गेट आणि त्याचा स्वतःचा स्टॅक द्यावा लागेल, नाहीतर तो फॉल्ट हाताळायलाही जागा नसेल.

---

रिंग_शून्य

सफाई थ्रेडची रीत घेतली. टिक १००० हर्ट्झ, भाजक ११९३, झोपणारे आणि मोजणारे वर्कर मिसळून सोडलेत, पेज_फ्रीमधलं डेडबीफ तसंच ठेवलंय. अजून एकही फॉल्ट नाही, आणि हीपचा आकडाही वर-खाली होऊन जागेवर येतोय.

एक शंका राहिली. आधी मी बिट_नऊंची रीत करून बघितली होती, म्हणजे स्विचनंतर लगेच पेज_फ्री. त्यात कधी कधी पुन्हा गोठायचं, पण या वेळी ईफ्लॅग्जचा बिट ९ बंद होता. पेज ॲलोकेटरला एक साधा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट बघायचं कुलूप) आहे. तेच का?

---

जुनं_हार्डवेअर

तेच. कोणीतरी थ्रेड ॲलोकेटरचा लॉक धरून असताना टिकनं त्याला थांबवलं. तुम्ही इंटरप्ट बंद ठेवून त्याच लॉकवर गरगरत बसलात. लॉक सोडणारा चालायला टिक हवी, आणि टिक तुम्हीच बंद केलीय. एका कोअरवर याला अंत नाही.

सफाई थ्रेडमध्ये हे होत नाही, कारण तो इंटरप्ट चालू ठेवून पान सोडतो. त्याची एखादी पाळी वाया जाईल इतकंच. तरीही लॉक घेतानाच इंटरप्ट बंद करा आणि सोडताना आधीचा बिट ९ होता तसा परत ठेवा. म्हणजे लॉक धरलेला थ्रेड मध्येच थांबवला जाणार नाही. आणि लॉकच्या आत असर्ट टाका: धरणारा मीच असेन तर पॅनिक.

---

रिंग_शून्य

केलं. आता शेवटचं विचारते, नाहीतर नवीन धागा उघडते: दोन वर्करमध्ये फ्लोट वापरले तर उत्तरं अधूनमधून चुकतात. क्रॅश नाही, नुसती चूक.

---

बिट_नऊ

स्विच_टू चारच रजिस्टर जपते. एफपीयूचे आणि एसएसईचे (फ्लोटच्या गणिताचे) रजिस्टर कोणीच जपत नाहीये, एकाची अर्धवट बेरीज दुसऱ्याच्या हातात जातेय. प्रत्येक थ्रेडला ५१२ बाइटची जागा द्या, १६च्या पटीत अलाइन केलेली, आणि स्विचच्या वेळी एफएक्ससेव्ह, एफएक्सरीस्टोर करा. नव्या थ्रेडसाठी त्या जागेत आधी एक स्वच्छ प्रत भरून ठेवा, कोरी शून्यं नकोत. शून्यांमुळे एसएसईचे सगळे एक्सेप्शन उघडे पडतात आणि पूर्ण न जाणाऱ्या पहिल्याच भागाकाराला व्हेक्टर १९ बघायला मिळेल.